टपकणारा कार्बोरेटर : आधी तपासा, मग खर्च करा

आपल्यापैकी अनेक फेरीवाले व कारागीर आजही जुन्या मोटारसायकलीवरच माल नेतात. १९८५ साली बाजारात आलेली हिरो होंडा सीडी १०० त्यातलीच. २०२० पासून नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जवळपास राहिला नाही; जुन्यांत मात्र तो आहेच. तो टपकू लागला की पैसा तर जातोच, आणि गाडीवर कापडाचे तागे असतील तर आगीचाही धोका असतो.

वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट वर उचलला जातो व निडल पेट्रोलची वाट बंद करते. निडलखाली कचरा अडकला, तिचे टोक झिजले किंवा फ्लोटला भोक पडले, की जादा पेट्रोल खालच्या नळीतून गळते.

आम्ही पुढील क्रम पाळतो. इंजिन गार होऊ द्यावे, कॉक बंद करावा, विडी-सिगारेट दूर ठेवावी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोकावे; अडकलेला कचरा पुष्कळदा सुटतो. कॉक उघडून पाहावे. तरीही गळत असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल डब्यात काढावे व वाटी उघडावी. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल वाजले तर तो बदलावा. निडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर निडल नवी घ्यावी. तिची बैठक स्वच्छ कपड्याने पुसावी, तारेने खरवडू नये. गळती वाटीच्या सांध्यातूनच असेल तर वॉशर बदलणे पुरे.

शेवटी इंजिन ऑइल पाहावे. त्याला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये. वॉशरचे पैसे वाचवून इंजिन घालवणे, हा व्यापार नव्हे.