मामा ऑनलाइन कसा आला

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर नाहीतर दिवाणाखाली एक जुना लॅपटॉप पडलेला असेल. चालू होतो, पण 'नेट लागत नाही' म्हणून बाद झालेला. तो भंगारवाल्याला द्यायच्या आधी हा लेख वाचा. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीही वाचा, यात एकही समीकरण नाही. (एक गुणाकार आहे, तेवढा चालवून घ्या.)

झालं असं, की फर्स्ट इयरचा एक मुलगा रोज पॅसेंजरने अप-डाउन करतो. कॉलेज सुटतं साडेचारला आणि त्याची गाडी पावणेसातला. मधला वेळ तो फलाटावर काढतो. फोन आहे, पण बटणांचा. एका बुधवारी तो लॅबमध्ये माझ्याकडे आला. खांद्याला जाडजूड बॅग आणि आत त्याच्या मामांनी दिलेला २००५ सालचा लॅपटॉप. पेंटियम एम प्रोसेसर, १ जीबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. "दादा, हा स्टेशनच्या वाय-फायला लावून दे ना," म्हणाला. त्याचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्रुटी निघून परत आला होता आणि दुरुस्त करून पाठवायची शेवटची तारीख शनिवार होती.

मी म्हटलं, "अरे, माझ्या फोनवरून भर की. दहा मिनिटांचं काम."

"फॉर्म भरीन रे दादा. पण मला सी शिकायचंय, नोट्स उतरवायच्यात. रोज कुणाकुणाकडे मागू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या ग्रुपकडे मात्र होतं, ते म्हणजे "भंगारात दे." त्याच दिवशी लॅपटॉपचं नाव 'मामा' पडलं.

आता स्टेशनच्या वाय-फायबद्दल थोडं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगल यांनी मिळून ही सोय सुरू केली. २०२० साली गूगलने यातून अंग काढून घेतलं, पण रेलटेलने ती चालू ठेवली आणि पुढे सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर नेली. २०२१ पासून पहिला अर्धा तास १ एमबीपीएस वेगाने फुकट आणि त्यापुढे पैसे भरून, अशी रचना झाली. नेटवर्क उघडं असतं, म्हणजे जोडताना पासवर्ड लागत नाही. ब्राउझरमध्ये एक पान येतं, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो भरला की नेट सुरू. ओटीपी तर बटणांच्या फोनवरही येतो. म्हणजे कागदावर सगळं सोपं.

दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून मी त्याच्याबरोबर आत गेलो. मामाची बॅटरी पूर्ण मेलेली, त्यामुळे पहिली शोधाशोध प्लगची. चार्जिंग पॉइंटवर आधीच पाच मोबाइल लटकलेले. एका काकांनी मोठ्या मनाने आपला फोन काढून जागा दिली आणि मग "हे काय, टीव्ही आहे का?" म्हणून शेजारी उभे राहून बघत बसले.

मामा सुरू झाला. नेटवर्कच्या यादीत काहीच नाही. दहा मिनिटं ड्रायव्हर काढून परत टाकण्यात गेली. शेवटी काकांनीच विचारलं, "पुढच्या कडेला ते बटण कसलं?" वाय-फायचा सरकता स्विच! त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपना तो कडेला किंवा पुढे असायचा आणि बॅगेत घासून बंद व्हायचा. सरकवला तर निळा दिवा लागला आणि यादी आली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. स्विच चालू असूनही तुमच्या फोनला दिसणारं नेटवर्क जुन्या लॅपटॉपला दिसेलच असं नाही. मामाच्या कार्डाला ८०२.११ बी आणि जी एवढंच येतं, आणि हे दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर मामासाठी तो नाहीच. घरच्या राउटरवर नावाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं जे नेटवर्क दिसतं ते हे. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही, आमच्या वर्गातही निम्म्यांचा तो गैरसमज आहे.

तर, जोडलं. खाली उजवीकडे 'कनेक्टेड' असं आलं. ज्युनियरचा चेहरा खुलला. ब्राउझर उघडला तर पान उघडत नाही.

'कनेक्टेड' या शब्दाने आजवर जितक्या लोकांना फसवलं असेल तितकं कुठल्याच शब्दाने फसवलं नसेल. ओएसआय मॉडेलचे सात लेअर आपण दहा मार्कांसाठी घोकतो आणि पेपर संपला की विसरतो. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा उपयोगी पडले. 'कनेक्टेड' म्हणजे एवढंच, की तुमचं कार्ड आणि समोरचा ॲक्सेस पॉइंट एकमेकांचं ऐकतायत. खालच्या दोन पायऱ्या झाल्या. त्याच्यावर आयपी पत्ता, त्याच्यावर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस, मग लॉगिनचं पान, मग त्या पानाशी सुरक्षित बोलणी. यातली कुठलीही एक पायरी तुटली की पडद्यावर दिसतं ते एकच, 'पान उघडत नाही'. म्हणून खालून वर जायचं.

आयपीकॉन्फिग मारलं. पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. शेजारी माझ्या फोनला मिळालेला पत्ता १० ने सुरू होणारा. मामांच्या ऑफिसात कुणीतरी हाताने पक्का पत्ता घालून ठेवला होता आणि लॅपटॉप इतकी वर्षं इमानेइतबारे तोच घेऊन बसला होता. सेटिंगमध्ये जाऊन आयपी आणि डीएनएस दोन्ही 'आपोआप घे' असं केलं. दोन्ही म्हणजे दोन्ही. लॉगिनचं पान दाखवायला बऱ्याच ठिकाणी नेटवर्कचं स्वतःचं डीएनएस लागतं, त्यामुळे हौसेने ८.८.८.८ घालून ठेवलेल्यांची गाडी इथेच अडते. पत्ता आला, गेटवेला पिंग केलं, उत्तर आलं. पान तरी उघडेना.

हे लॉगिनचं पान येतं कसं, ते मजेशीर आहे. तुम्ही काहीही उघडायला जा, वाटेतला गेटवे ती विनंती अडवतो आणि म्हणतो, आधी इकडे या. साध्या एचटीटीपी पानाला त्याला असं वळवता येतं. एचटीटीपीएसला येत नाही, कारण मध्येच कुणी तिसरा बोलू नये यासाठीच तर ते आहे. फोन हुशार असतो. जोडल्या जोडल्या तो एका ठरलेल्या पत्त्यावर साधी विनंती पाठवतो आणि २०४ असं रिकामं उत्तर येतं का बघतो. दुसरंच काही आलं, की 'लॉगिन करा' असं दाखवतो. विंडोजमध्ये अशी तपासणी व्हिस्टापासून आली. एक्सपीला ती माहीतच नाही, तिथे आपणच एखादं साधं पान उघडायचं. यासाठीच बनवलेली नेव्हर-एसएसएल-डॉट-कॉम नावाची साइट आहे.

ते केलं. गेटवेने आम्हाला बरोबर वळवलं, पण वळवलं ते एचटीटीपीएसच्या पानाकडे, आणि तिथे एक्सपी संपली. मामावर होता इंटरनेट एक्सप्लोरर ६. आजच्या साइट बोलतात टीएलएस १.२ किंवा १.३. त्यातलं १.२ आलं २००८ साली. मोठ्या ब्राउझरनी २०२० मध्ये १.० आणि १.१ ची साथ सोडली. थोडक्यात, दोघांची भाषाच एक नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचे अपडेट बंद केले, त्यामुळे एक्सपीवर नेट लावायचा हट्ट धरूही नये. लागलं तरी धोकाच. तेवढ्यात पॅसेंजर आली. ज्युनियर काही बोलला नाही, वायर गुंडाळून पळाला.

गुरुवारी मी तयारीने गेलो. रात्री हॉस्टेलवर पेनड्राइव्हमध्ये अँटीएक्स नावाच्या हलक्या लिनक्सची ३२ बिटची आवृत्ती घेतली होती. हे ३२ बिटचं लक्षात ठेवा, पेंटियम एमवर ६४ बिट चालत नाही. उबुंटूने ३२ बिटच्या डेस्कटॉप सीडी २०१७ सालीच बंद केल्या आणि डेबियननेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून तसा इन्स्टॉलर देणं थांबवलं, त्यामुळे पर्याय कमी होत चाललेत. वाय-फाय कार्डाच्या फर्मवेअरची फाइलही वेगळी घेतली होती. ती नसली तर लिनक्सला कार्ड दिसतं पण वापरता येत नाही, आणि ती उतरवायला नेट लागतं, म्हणजे झालं कल्याण.

मामा पेनड्राइव्हवरून सुरू झाला, नेटवर्क जोडलं, पत्ता आला, आणि फायरफॉक्सने स्वतःहून वर पट्टी दाखवली की या नेटवर्कला लॉगिन लागेल. मी टिचकी मारली. पान आलं तेच सुरक्षेच्या मोठ्या इशाऱ्याचं.

इथे मी जो मूर्खपणा केला तो लिहितोच. समोर इशाऱ्याचा मजकूर होता आणि मी तो वाचला नाही. पंधरा मिनिटं डीएनएस बघ, फर्मवेअर बघ, दुसरा ब्राउझर बघ. कंटाळून ज्युनियर पडद्यावरचं वाचत बसला होता. म्हणाला, "दादा, इथे लिहिलंय कॉम्प्युटरची तारीख १ जानेवारी २००५ आहे. असू दे का तशीच?"

हात कपाळावर. साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. मामाच्या मते साल २००५, त्यामुळे आज दिलेलं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही. मदरबोर्डवर घड्याळ चालवणारा एक बटण-सेल असतो. तो मेला, की वायर काढली की घड्याळ मूळ तारखेला परत. आणि गंमत अशी, की लिनक्स नेटवरून वेळ बरोबर करून घेतं, पण लॉगिन झाल्याशिवाय नेट नाही आणि वेळ बरोबर झाल्याशिवाय लॉगिन नाही! टर्मिनलमध्ये डेट कमांडने हाताने तारीख घातली, पान परत उघडलं, हिरव्या बटणासकट लॉगिनचं पान हजर. नंबर टाकला. ओटीपी यायच्या आत गाडीची घोषणा झाली.

"जा तू, उद्या," म्हटलं. उद्या शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला. मामाचं नशीब, सेल मेमरीच्या झाकणाखालीच सापडला, दोन वायरी आणि छोटा कनेक्टर. (काही लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डला डाग देऊन जोडलेला असतो. तिथे हात घालण्याआधी ज्याला सोल्डरिंग येतं त्याला गाठा. आणि अडॅप्टर व बॅटरी काढूनच झाकण उघडा.) नव्या सेलला वायरी टेपने बांधल्या, पकडलं एकदाचं. साडेपाचला फलाटावर लॉगिन, ओटीपी, आणि फॉर्मचं पान. उत्पन्नाच्या दाखल्याची चुकलेली पीडीएफ बदलायची होती, फाइल २०० केबीची. १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ केबी, दोन सेकंदांत जायला हवी, गेली दहा सेकंदांत. पावतीचं पान आलं तेव्हा पाच चाळीस झाले होते. उरलेल्या वीस मिनिटांत त्याने सी च्या नोट्स उतरवल्या.

मघाशी म्हटलेला गुणाकार हा. फुकटच्या अर्ध्या तासात जास्तीत जास्त १८०० मेगाबिट, म्हणजे २२५ एमबी उतरतं. आणि मामाचं म्हातारं कार्ड? कागदावर ५४ एमबीपीएस. म्हणजे स्टेशन जेवढं देतं त्याच्या ५४ पट. कार्ड जुनं आहे म्हणून नेट हळू, हे इथे लागूच होत नाही. हळू आहे तो प्रोसेसर, आणि तोही व्हिडिओ बघायला. मजकूर वाचायला आणि जीसीसीवर प्रोग्रॅम चालवायला मामा पुरून उरतो.

उघड्या नेटवर्कवर एक पथ्य मात्र पाळा. हवेतला डेटा तिथे कुलूपबंद नसतो, शेजारचा ऐकू शकतो. एचटीटीपीएसचं पान असेल तर आतला मजकूर सुरक्षित राहतो, म्हणून तारीख बरोबर केल्यावरही इशारा आला तर तो डावलून पुढे जाऊ नका. स्टेशनच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून कुणीही स्वतःचं नेटवर्क उघडू शकतो. लॉगिनचं पान मोबाइल नंबर आणि ओटीपी मागेल. बँकेचा पासवर्ड मागायला लागलं तर बंद करून चहा प्या.

घरच्या किंवा कॉलेजच्या पासवर्डवाल्या नेटवर्कला जोडायचं असेल तर आणखी एक पायरी वाढते. एक्सपीमध्ये डब्ल्यूपीए-२ सर्व्हिस पॅक ३ बरोबर, म्हणजे २००८ मध्ये आलं, त्याआधी वेगळा पॅच लागायचा. 'पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही' याचं कारण पुष्कळदा हेच. लिनक्स टाकलं की हा प्रश्न बहुतेक सुटतो. राउटर मुद्दाम जुन्या डब्ल्यूईपीवर आणू नका, ती पद्धत २००१ सालीच फुटली आहे. कार्डच मेलं असेल तर छोटा यूएसबी डोंगल मिळतो, फक्त त्याची चिप लिनक्सला चालते का ते घेण्याआधी बघा.

ज्युनियरचा फॉर्म मंजूर झाला. मामा अजून फलाटावर त्याच प्लगला असतो आणि काका भेटले की त्याची चौकशी करतात. तुमच्या घरी असा कुणी मामा असेल तर शनिवारी दुपारी आमच्या लॅबमध्ये घेऊन या. अडॅप्टर विसरू नका, गेल्या वेळी तिघे नुसता लॅपटॉप घेऊन आले होते.