कर्करोगाचा खर्च: उपचाराला पैसा, श्रद्धेला वेळ

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की त्याच आठवड्यात घरातला पैसा हलू लागतो, आणि अनेकदा तो आधी भलतीकडेच जातो. कोणी काढ्याचा पत्ता देते, कोणी पुडी देणाऱ्या बाबांचे नाव सांगते, कोणी अनुष्ठानाच्या खर्चाचा आकडा घेऊन येते. सांगणारी माणसे आपलीच असतात, म्हणून नाही म्हणणे जड जाते. तरीही म्हणावे. श्रद्धा जरूर जपा, पण पहिला पैसा आणि पहिले आठवडे मुख्य उपचाराचेच.

खर्च कोण उचलेल, हे उपचार सुरू होण्याआधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसते. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते आणि पूर्वमंजुरी आधी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर शिधापत्रिका दाखवून उपयोग होत नाही. म्हणून दाखल होण्याआधीच आधार आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठा. योजनेत नसलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांतही कायद्याने 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. हे कोणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा.

औषधांच्या बिलात वाचवण्यासारखे बरेच असते. 2019 मध्ये केंद्राने कर्करोगाच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला आणि शेकडो ब्रँडच्या किमती उतरल्या. सप्टेंबर 2025 पासून 33 जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला; त्यात कर्करोगाची औषधे आहेत. तेव्हा डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा, त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची किंमत विचारा, सवलतीत औषधे देणाऱ्या सरकारी ‘अमृत’ दुकानात चौकशी करा. केमोच्या एका सायकलमागे वाचलेले पैसे पुढच्या प्रत्येक सायकलला वाचतात.

बाहेरगावच्या माणसाचा खिसा औषधाइतकाच मुंबईतला मुक्कामही कापतो. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती नाममात्र दरात राहण्याची सोय करतात; रुग्णालयाचे पत्र लागते आणि जागेसाठी थांबावेही लागते. कर्करोग झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची निवास केंद्रे मोफत आहेत. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचे तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. रुग्णालयाकडून ठरावीक अर्ज भरून घ्यायला विसरू नका.

देवस्थानाची दानपेटी उलट दिशेनेही चालते, हे किती घरांना ठाऊक असते? प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना उपचारासाठी मदत देतो. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हाताशी ठेवा, ते अशा प्रत्येक अर्जाला लागते.

आता पूरक उपचार. योग, प्राणायाम, ध्यान, भजन यांना खर्च नाही आणि त्यांनी बळ मिळते. टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत योग करणाऱ्या गटात आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे 15 टक्क्यांनी कमी दिसल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले. पण तो योग मुख्य उपचाराच्या जोडीला होता. उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरणाऱ्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने केला: मृत्यूचा धोका अडीच पट, स्तनाच्या कर्करोगात पाचपटींहून अधिक. हे सारे रुग्ण असे होते की आजार अजून दूर पसरलेला नव्हता. यापेक्षा महाग सौदा मला माहीत नाही.

पोटात घ्यायच्या पूरक औषधांबाबत मी कडक आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे खरे नव्हे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, आणि केमोची बरीच औषधे यकृतातूनच जातात. आयुर्वेद घ्यायचाच असेल तर पदवीधर वैद्याकडून, छापील घटक असलेला, आणि कर्करोगतज्ज्ञांना बाटली दाखवून. ‘कॅन्सर हमखास बरा’ अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. ती दिसली की तिथेच पाऊल मागे घ्या. विमा असेल तर हेही लक्षात ठेवा: आयुष उपचारांचा दावा सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतो, घरी आणलेल्या चूर्णाचा नाही.

नवस बोलायचा तर बोला, फक्त फेडण्याची तारीख उपचार संपल्यानंतरची ठरवा. देव थांबतो, केमोची तारीख थांबत नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना वारीची किंवा यात्रेची गर्दी टाळा. कच्च्या दुधाचे पंचामृत नको, प्रसाद शिजवलेला आणि ताजा. उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण वजन उतरले की पुढची सायकल पुढे ढकलावी लागू शकते.

आणि आजार हाताबाहेर गेला असेल तेव्हा तर कर्ज काढून चमत्कार विकत घेऊ नका. वेदना आवरणारे मॉर्फिन महाग नसते. वेदनाशामक विभागात त्यासाठीच डॉक्टर असतात. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून ख्रिस्ती भगिनी चालवतात, तिथे कोणत्याही धर्माच्या रुग्णाची मोफत शुश्रूषा होते. गोव्यात लोटलीलाही त्यांचे सदन आहे. तिथे प्रवेशासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे कागद लागतील, तेव्हा पहिल्या दिवसापासूनची फाइल एकत्र ठेवा.