रोबोकॉनवालीला इस्रोत काय मिळेल?

प्रश्न : मुलगी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोबोकॉन या रोबोट स्पर्धेच्या टीममध्ये असल्याने रात्र रात्र वर्कशॉपमध्येच असते. पुढे इस्रोत रॉकेटवर संशोधन करायचं म्हणते. रोबोटच्या या नादाचा तिथे उपयोग होतो, की ही नुसती हौस?
– एक पालक, सातारा

उत्तर : उपयोग होतो, पण नोकरी मिळायला नव्हे, मिळाल्यानंतर.

कसा, ते पाहा. 2014 साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यातच झाली होती. पालक-रोबोटने बाळ-रोबोटला बागेत न्यायचं, सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा, असा खेळ होता. (कल्पना आपलीच, यजमान भारताची!) तीन मिनिटांत सगळं उरकायचं. सेन्सरने दगा दिला की सबबी चालत नाहीत.

आता इस्रोचं 'पुष्पक' पाहा. परत वापरता येईल अशा प्रक्षेपकाच्या संशोधनातलं हे पंखवालं यान. जून 2024 मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं, तेही धावपट्टीच्या रेषेपासून मुद्दाम 500 मीटर बाजूला. आत वैमानिक नाही. यानाने आपला मार्ग आपणच सुधारला आणि ताशी 320 किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टी गाठली. सेन्सर, नियंत्रण, मोटरा यांचा मेळ बसवायची जी खटपट मुलगी आज करते, तिचंच हे थोरलं रूप.

फरक आहे तो स्वभावात. स्पर्धेत बिघाड झाला की टेप लावून, वायर बदलून पुढच्या फेरीला उभं राहता येतं. प्रक्षेपणात तसली मलमपट्टी चालत नाही. ऑगस्ट 1979 मध्ये इस्रोच्या एसएलव्ही-3 प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह धुळीमुळे उघडा राहिला आणि नायट्रिक ॲसिड गळून गेलं. कारण शोधून, दुरुस्त करून जुलै 1980 मध्ये त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. मधलं जवळजवळ वर्ष चाचण्या, कागद आणि बैठकांचं. हे रटाळ काम आवडणाराच तिथे टिकतो. त्यामुळे रोबोट जिंकला का, यापेक्षा हरल्यावर का हरला याची नोंद ती ठेवते का, हे मी आधी विचारेन.

आणि दाराशी रोबोट कुणी पाहत नाही. इस्रोच्या इंजिनीअर भरतीला पदवीत प्रथम वर्गासह किमान 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए लागतो. मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. मुलाखतीत रोबोटची गोष्ट कामी येईल, पण तिथवर पोहोचायला हवं. तेव्हा टीम सोडायला लावू नका. सीजीपीए मात्र विचारत राहा.