रंग ठेवायचा की काढायचा?

सोमवती अमावस्येला जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा पायऱ्या, दीपमाळा, चेहरे सगळं पिवळं होऊन जातं. हाच फोटो कृष्णधवल केला की भंडाऱ्याचा नुसता धूर दिसतो, कारण पिवळा मुळातच उजळ, करड्या छटेत तो पांढऱ्याजवळ जातो. म्हणून क्लिक करण्याआधी स्वतःला विचारा: इथला रंग काढला तर काय उरेल? काहीच उरत नसेल तर फोटो रंगीतच हवा. सुरकुत्या, ऊनसावली, हातांची हालचाल उरत असेल तर रंग खुशाल काढा.

आधी कॅमेरा रॉवर ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल, पण रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतील. नुसतं जेपेग घेतलंत तर ते परत मिळणार नाहीत.

रंगीत फोटोसाठी व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का करा. ऑटोवर कॅमेरा पिवळेपणा मारायला बघतो. मग हिस्टोग्राममधले लाल आणि हिरवा हे चॅनेल वेगवेगळे तपासा. पिवळा या दोघांतूनच बनतो, त्यामुळे एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल उजवीकडे आदळलेला असू शकतो. तसं असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. घरी आल्यावर सॅच्युरेशन वाढवायचा मोह टाळाच. भंडाऱ्यातल्या बारीक छटा त्यानेच सपाट होतात. रंगाने फ्रेम कशी बांधायची हे रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांच्या फोटोंत पाहावं. कृष्णधवललाच कला मानण्याच्या काळात त्यांनी रंगाचीच कास धरली.

कृष्णधवलसाठी सकाळचं तिरपं ऊन गाठा. रूपांतर करताना सॅच्युरेशन शून्यावर आणून थांबू नका. झाडीपुढचा लाल फेटा डोळ्यांना ठसठशीत दिसतो, पण दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा असेल तर करड्यात तो झाडीतच विरतो. ब्लॅक-अँड-व्हाइट मिक्सरमध्ये लाल वर, हिरवा खाली घ्या. फेटा सुटा होईल. त्वचाही लाल-नारिंगीतच येते, तेव्हा चेहरे फटफटीत होत नाहीत ना, हे बघत राहा. आकाश गडद करायला निळा फार खाली ओढलात तर दाणे उमटतात.

भंडारा फार बारीक असतो. गर्दीत लेन्स बदलू नका, आणि काचेवर पूड बसलीच तर आधी ब्लोअरने उडवा, मगच कापड लावा.

शेवटी दोन्ही रूपांच्या प्रिंट काढून आठवडाभर भिंतीवर लावा आणि एकच ठेवा. दोन्ही ठेवायचा मोह होईल, पण निवड तुम्हीच करायला हवी.