दोन चौकटींमधली जागा

अंबरनाथच्या शिवमंदिराला तुमच्यापैकी पुष्कळांनी प्रदक्षिणा घातली असेल. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील, शके ९८२ चा (इ. स. १०६०) शिलालेख असलेल्या या मंदिराच्या बाहेरच्या भिंती मूर्तींनी गच्च भरलेल्या आहेत. पण एका मूर्तीवरून दुसरीकडे गेलो, तरी गोष्ट पुढे सरकतेच असे नाही. बहुतेक मूर्ती आपापल्या जागी पूर्ण आहेत. मग चित्रांची नुसती रांग आणि चित्रकथा यांत फरक कोणता?

मी सातवीत असताना भूगोलाच्या पुस्तकात दडवलेली चित्रकथा गुरुजींनी काढून घेतली होती. चित्रे पाहताना डोके चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते तपासून पाहता येते.

कागदावर दोन चौकटी आखा. पहिलीत अंबरनाथ स्टेशनवर सुटलेल्या लोकलमागे धावणारा मुलगा काढा. दुसरीत रिकामा फलाट आणि एक चप्पल. दहा जणांना वेगवेगळे बसवून गोष्ट लिहायला सांगा. कोणाचा मुलगा बदलापूरला पोचेल, कोणाचा रुळांवर पडेल. चित्रात यातले काहीच नाही! आता मधे तिसरी चौकट घाला : डब्याच्या दारातून पुढे आलेला हात. ही चित्रे दुसऱ्या दहा जणांना दाखवा. (पहिल्यांना नको, त्यांचे उत्तर आधीच ठरलेले असते.) दोन्ही वेळा किती गोष्टी जुळल्या, ते मोजा.

अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात याच मोकळ्या पट्टीचा विचार केला. दोन चौकटींमध्ये घडलेले वाचक स्वतः मनात जुळवतो, असे त्यांनी दाखवले. हे पुस्तकही चित्रकथेच्याच रूपात आहे.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारताची चित्रे एकामागून एक दाखवत कथा सांगतात. त्यांच्या पोथीत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. तेथे मधली जागा भरून काढतो तो गाणारा चित्रकथी, वाद्यांच्या साथीने. पाहणाऱ्याला तेवढे कमी जुळवावे लागत असेल का?

आणखी दहा जण मिळाले, तर त्याच दोन चौकटी मोठ्याने गोष्ट सांगत दाखवा. चप्पल कोणाची, असे कोणी विचारते का, तेही वहीत लिहून ठेवा.