महाविद्यालयाची निवड : अंथरूण आणि पाय

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• आपल्या आवडीस व कुवतीस साजेसे महाविद्यालय निवडू शकाल;
• जाहीर शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरक सांगू शकाल;
• शिष्यवृत्ती व शुल्कसवलत यांचा विचार करून पूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब मांडू शकाल;
• प्रवेशापूर्वी कोणती खात्री करून घ्यावी, हे स्पष्ट करू शकाल.

१. प्रस्तावना

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खर्च बेताने करावा, हा तिचा सरळ अर्थ. परंतु बारावी उत्तीर्ण झालेल्या गरीब घरच्या मुलामुलींना ती पुष्कळदा निराळ्याच हेतूने ऐकवली जाते. ‘आपल्याला परवडणार नाही, तेव्हा फार पुढचे पाहू नकोस,’ असे त्यांना सुचवायचे असते. असा सल्ला देणाऱ्याने अंथरुणाची लांबी खरोखरच मोजलेली असते का? बहुधा नसते. ती कशी मोजावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

२. गुढियारीतील एक घर

नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगढात आला, तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसत आली आहेत. पुढे नोकरी, व्यापार आणि मजुरी यांच्या निमित्ताने आणखी लोक आले. रायपूर रेल्वे स्थानकाच्या पलीकडील गुढियारी या दाट वस्तीतील असेच एक कुटुंब आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू.

वडील गोदामात हमाली करतात. आई घरी शिवणकाम करते. मोठी मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी उत्तीर्ण झाली आहे. रसायनशास्त्र हा तिचा आवडता विषय. धाकटा भाऊ आठवीत आहे. घरातून महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच.

निकाल लागताच सल्ले सुरू झाले. शेजाऱ्यांनी एका खाजगी महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक आणून दिले. मामांनी कळवले, “माझ्या गावाकडच्या महाविद्यालयात फी अगदी कमी आहे, तिकडे पाठवा.” वडील म्हणाले, “जे जवळ असेल ते बरे.” तिघांच्याही मनात तिचे भलेच होते. पण तिला काय शिकायचे आहे आणि ते शिक्षण शेवटपर्यंत नेण्यास एकूण किती खर्च येईल, हे दोन प्रश्न कोणीच विचारले नाहीत.

३. आधी विषय, मग महाविद्यालय

महाविद्यालयाचे नाव मोठे, पण आपला विषयच तिथे नाही, असे असेल तर त्या नावाचा काय उपयोग? म्हणून प्रथम विषय ठरवावा. त्यानंतर तो विषय कोठे शिकवला जातो, प्रयोगशाळा व ग्रंथालय कसे आहे, त्या विषयाचे प्राध्यापक पुरेसे आहेत काय, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे काय, याची चौकशी करावी. शक्य झाल्यास तेथे शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. माहितीपत्रकात न सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यांच्याकडून कळतात.

रायपुरात अशी चौकशी करण्याजोगी जुनी शासकीय महाविद्यालये आहेत. १९३८ साली सुरू झालेले छत्तीसगढ महाविद्यालय आज जे. योगानंदम यांच्या नावाने ओळखले जाते. नागार्जुन विज्ञान महाविद्यालय १९४८ सालचे, तर दूधाधारी बजरंग महिला महाविद्यालय १९५८ सालचे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाची स्थापना १९६४ साली झाली. आपल्या गावाजवळही अशी एखादी संस्था असू शकते. घराजवळची असल्यामुळेच आपण तिला कमी लेखतो.

ज्यांना दिवसा काम सोडता येत नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, तर बिलासपूरचे पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठ २००५ साली स्थापन झाले. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

४. जाहीर शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च

माहितीपत्रकात छापलेले शुल्क म्हणजे आपल्याला येणारा खर्च नव्हे. शुल्क कमी असूनही खर्च जास्त होऊ शकतो, आणि शुल्क मोठे दिसूनही खर्च कमी होऊ शकतो. मुलीने वहीत मांडलेला हिशेब पाहा. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

*घराजवळचे शासकीय महाविद्यालय (एका वर्षाचा खर्च)*
शुल्क ५,००० + बसभाडे ६,००० + पुस्तके व साहित्य ४,००० = १५,००० रुपये
तीन वर्षांचे : ४५,००० रुपये

*शहरातील खाजगी महाविद्यालय*
शुल्क ३५,००० + बसभाडे ६,००० + पुस्तके व साहित्य ४,००० = ४५,००० रुपये
तीन वर्षांचे : १,३५,००० रुपये

*परगावचे कमी शुल्काचे महाविद्यालय*
शुल्क ४,००० + दहा महिन्यांचे राहणे-जेवण ५०,००० + प्रवास ४,००० + पुस्तके व साहित्य ४,००० = ६२,००० रुपये
तीन वर्षांचे : १,८६,००० रुपये

सर्वांत कमी शुल्काचे महाविद्यालय सर्वांत महाग ठरले, हे आपल्या लक्षात आले असेल.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. रायपूरचे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाले व २००५ साली त्यास राष्ट्रीय दर्जा मिळाला. तेथील शुल्क ऐकूनच पुष्कळ पालक मागे फिरतात. परंतु अशा संस्थांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांहून कमी असल्यास पूर्ण शिक्षणशुल्क माफ होते. ते १ ते ५ लाखांच्या दरम्यान असल्यास दोन-तृतीयांश माफी मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी आहे. शिवाय निम्म्या जागा त्याच राज्यातून बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी असतात. प्रवेशपरीक्षा कठीण असते, हे खरे. पण कठीण असणे वेगळे आणि परवडणारे नसणे वेगळे.

५. शिष्यवृत्तीचा आधार

केंद्र सरकारच्या एका योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दरवर्षी देशभरात ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. बारावीत आपल्या मंडळातील वरच्या वीस टक्के उत्तीर्णांत स्थान आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, या तिच्या प्रमुख अटी. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. पुढील वर्षी ती चालू राहण्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मात्र ती मिळत नाही. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो.

मुलीला ही शिष्यवृत्ती मिळाल्यास तीन वर्षांच्या ४५,००० रुपयांपैकी ३६,००० रुपये भागतील आणि घरातून केवळ ९,००० रुपये द्यावे लागतील. तथापि हिशेब नेहमी दोन प्रकारे करावा : शिष्यवृत्ती मिळाल्यास आणि न मिळाल्यास. ही रक्कम प्रवेशाच्या दिवशी हाती नसते, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या वर्षाच्या शुल्काची तजवीज आधीच करावी.

परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यानुसार वेगळ्या असतात. एका राज्यातील प्रमाणपत्रावर दुसऱ्या राज्यात आरक्षण मिळतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात हेच सांगितले. म्हणून उत्पन्न, रहिवास व जात यांविषयीची कागदपत्रे निकालापूर्वीच तहसील कार्यालयात विचारून तयार ठेवावीत.

६. पैसे भरण्यापूर्वी

‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल,’ असे कोणी सांगितल्यास सावध व्हावे. संस्था ज्या विद्यापीठाशी संलग्न असल्याचे सांगते, त्या विद्यापीठाच्या यादीत तिचे नाव आहे काय, हे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर लगेच परत घ्यावीत. महाविद्यालयांनी ती अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ साली बजावले आहे.

७. समारोप

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग गरीब विद्यार्थ्यांना दाखवला. गरिबाने शिक्षण सोडावे, असे त्यांनी सांगितले नाही. शिक्षणाचा खर्च कसा उभा करावा, हे त्यांनी शिकवले.

गुढियारीतील त्या मुलीने वहीचे पान वडिलांपुढे ठेवले. त्यांनी तिन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या आणि विचारले, “यात धाकट्याच्या शाळेला धक्का लागत नाही ना?” ती म्हणाली, “नाही बाबा, तो खर्च आधी वेगळा काढला आहे.” त्यांनी वही मिटून तिच्या हाती दिली व दुसऱ्या दिवशी कामावरून अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी तहसील कार्यालयात जायचे होते.

आपण काय शिकलो

• प्रथम विषय, नंतर महाविद्यालय व शेवटी पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च, असा निवडीचा क्रम असावा.
• जाहीर शुल्कावरून महाविद्यालय परवडते की नाही, हे ठरवू नये.
• शिष्यवृत्ती मिळेल व मिळणार नाही, असे दोन्ही हिशेब मांडावेत.
• खात्री केल्यावाचून पैसे भरू नयेत.

शब्दार्थ

तजवीज – व्यवस्था, तरतूद. समकक्ष – बरोबरीच्या दर्जाचा. संलग्न – जोडलेला. पडताळणी – खरेखोटे तपासणे

स्वाध्याय

१. परगावच्या महाविद्यालयाचे शुल्क कमी असूनही ते महाग का ठरले?
२. ‘कठीण असणे वेगळे आणि परवडणारे नसणे वेगळे’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
३. वडिलांनी विचारलेल्या प्रश्नातून त्यांची कोणती काळजी दिसते?
४. आपल्या परिसरातील दोन महाविद्यालयांची माहिती मिळवा व पाठातील पद्धतीने त्यांच्या तीन वर्षांच्या खर्चाचा हिशेब मांडा.