मथळे नसलेली वही



समजा, धर्मापुरीच्या बाजारातील एखाद्या जुन्या दुकानाची हिशेबाची वही तुमच्या हाती आली. पानावर तीन रकाने आहेत, पण एकाही रकान्यावर मथळा नाही. पहिल्या ओळीत १२, ८, ९६ असे आकडे आहेत. दुसऱ्या ओळीत ५, १४, ७० आहेत. तिसऱ्या ओळीत ७, ९, ६३ आहेत. वही लिहिणारा आता हयात नाही. मग विचारायचे कोणाला?

वहीलाच विचारा. बारा आठे शहाण्णव, पाच चौदा सत्तर, सात नव्वे त्रेसष्ट. प्रत्येक ओळीत पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार तिसरा आकडा आहे. म्हणजे नग, दर आणि रक्कम असे हे रकाने असावेत. नग कोणता आणि दर कोणता, हे मात्र अजून ठरले नाही. त्यासाठी आणखी पाने पाहावी लागतील. एक जरी ओळ जुळली नाही, तरी आपला अंदाज पुन्हा तपासावा लागेल.

संगणकाची अनोळखी फाइलसुद्धा अशीच वाचतात. फाइल म्हणजे बाइटांची लांबलचक रांग. एका बाइटात ० ते २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. कोणता बाइट रंगाचा, कोणता आवाजाचा, हे फाइल तयार करणाऱ्याला माहीत असते. त्याने ते सांगितले नाही, तर आपल्यासमोर मथळे नसलेली वही उरते.

व्हिडिओ गेममध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये चित्रपटासारखे छोटे दृश्य दिसते. ते खेळायचे नसते, फक्त पाहायचे असते. त्याला कटसीन म्हणतात. १९९५ मध्ये ट्रायलोबाइट या कंपनीचा ‘द इलेव्हन्थ अवर’ हा खेळ आला. त्यातील दृश्यांसाठी ग्रेम डिव्हाइन यांनी आरओक्यू नावाची फाइलरचना तयार केली. पुढे १९९९ च्या ‘क्वेक थ्री अरेना’ या खेळातही हीच रचना वापरली गेली. ही दृश्ये त्या खेळात दिसत, पण दुसऱ्या प्रोग्रॅमला ती उघडता येत नसत.

अशी फाइल उघडून पाहिली, तर सुरुवातीचे आठ बाइट असे दिसतात:

८४ १० एफएफ एफएफ एफएफ एफएफ १ई ००

ही सोळाच्या पायाची लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात ९ नंतर ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असे करत एफ म्हणजे १५. म्हणून १ई म्हणजे एक गुणिले सोळा अधिक चौदा, अर्थात ३०. दृश्यात दर सेकंदाला ३० चित्रे दाखवायची, असा त्याचा अर्थ निघाला.

येथे एक गंमत आहे. उर्दू वाचताना तुमची नजर उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठी वाचताना डावीकडून उजवीकडे. या फाइलमध्ये बाइट डावीकडून मांडलेले असतात, पण त्यांची संख्या करताना उजवीकडून सुरुवात करावी लागते. म्हणून ८४ १० ही खूण १०८४ अशी वाचतात. तसेच ०० ०२ म्हणजे दोन गुणिले २५६ अधिक शून्य, अर्थात ५१२.

पहिल्या आठ बाइटांनंतर ०१ १० ०८ ०० ०० ०० असे बाइट येतात. ०१ १० ही १००१ अशी नवी खूण आहे. पुढच्या चार बाइटांची संख्या ८ आहे. ही ८ कशाची असेल? ती पुढच्या मजकुराची लांबी असावी, असा अंदाज करू. आणखी दोन बाइट सोडून आठ बाइट मोजले, की बरोबर दुसरी खूण लागते. तिच्यामागेही लांबी लिहिलेली असते. तितके बाइट ओलांडले, की तिसरी खूण. असे करत करत फाइलच्या शेवटी नेमके पोहोचलो, तर अंदाज खरा. एका बाइटाचीही चूक झाली, तर पुढे काहीच जुळत नाही. अशा रीतीने कळते, की ही फाइल कप्प्यांची बनलेली आहे. १००१ च्या कप्प्यात चित्राची रुंदी व उंची असते, १०२० आणि १०२१ च्या कप्प्यांत आवाज असतो.

१००२ च्या कप्प्याची लांबी पुष्कळदा २५६० असते. हा आकडा कोठून आला? चार ठिपक्यांचा एक लहान तुकडा लिहायला सहा बाइट लागतात: चार उजेडाचे आणि दोन रंगाचे. असे चार लहान तुकडे जोडून एक मोठा तुकडा होतो. त्याला चार बाइट पुरतात, कारण त्यात फक्त लहान तुकड्यांचे क्रमांक लिहायचे असतात. दोन्ही प्रकारचे तुकडे जास्तीत जास्त २५६. म्हणून १५३६ अधिक १०२४, बरोबर २५६०. दुकानाच्या वहीतला गुणाकार येथेही कामी आला!

टिम फर्ग्युसन यांनी या रचनेचा अभ्यास केला आणि तिची माहिती सर्वांसाठी लिहून ठेवली. २००३ मध्ये फर्ग्युसन आणि माइक मेलान्सन यांच्या नावाने ही रचना वाचणारा भाग तयार झाला. तो एफएफएमपेग या सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. म्हणून मूळ खेळ चालू न करताही ती दृश्ये आज पाहता येतात.

तुम्ही म्हणाल, खेळातल्या दृश्यांसाठी एवढी खटपट कशाला? तर मग आपल्या उर्दूकडे पाहा. १९९४ मध्ये भारतात इनपेज हा प्रोग्रॅम आला. त्यावर असंख्य उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे तयार झाली. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अक्षरांना दिलेले क्रमांक आजच्या युनिकोडपेक्षा वेगळे होते. त्यामुळे ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. अभ्यासू लोकांनी अलिफचा क्रमांक कोणता, बेचा कोणता, हे एकेक करून जुळवले आणि मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम बनवले. हे काम झाले नसते, तर कितीतरी गझला आणि लेख फाइलमध्ये असूनही वाचता आले नसते.

दगडावरचा लेख झिजला, तरी डोळ्यांना दिसतो. फाइल मात्र जशीच्या तशी असूनही मुकी होऊ शकते. तिला बोलते करायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. निरीक्षण, अंदाज, पडताळा आणि चिकाटी लागते. जे सापडले, ते दुसऱ्यांसाठी स्वच्छ लिहून ठेवावे. नाहीतर आपण पुन्हा एक मथळे नसलेली वहीच मागे ठेवू.

शब्दार्थ
मथळा – शीर्षक, उन्वान
रकाना – पानावरील उभा कप्पा, खाना
नग – वस्तूंची संख्या
निरर्थक – अर्थ नसलेले, बेमानी
पडताळा – खरे-खोटे तपासणे, जाँच
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण

स्वाध्याय
१. वहीतील नग व दर यांचे रकाने लगेच का ओळखता येत नाहीत?
२. ०० ०१ या दोन बाइटांची संख्या किती?
३. १००२ च्या एका कप्प्याची लांबी १२८० आहे. त्यात लहान तुकडे १२८ असतील, तर मोठे तुकडे किती?
४. ‘फाइल मुकी होते’ म्हणजे काय, ते पाच ओळींत लिहा.
५. एका मित्राने रकान्यांना मथळे न देता आकडे लिहावेत. दुसऱ्याने त्यांचा अर्थ शोधावा आणि तो कसा शोधला, हे वर्गात सांगावे.